मेंडेलचा दुसरा निबंध

शास्त्रीय लेखनाचें परीक्षण करतांना त्यांतील निष्कर्ष खरा कीं खोटा एवढेंच पाहण्याची आपल्याकडे रूढि आहे. या रूढीमुळें ग्रेगोर मेंडेल याच्या एका निबंधावर मोठा अन्याय झाला आहे, असें आम्हांस वाटतें. ब्रुन येथील निसर्गाभ्यासक मंडळापुढें १८६५ सालीं वाचलेला त्याचा वाटाण्यावरील निबंध जगन्मान्य झाला. त्याच मंडळापुढें १८६९ सालीं वाचलेला, हायरेशियम नांवाच्या पिवळ्या-नारिंगी रानफुलावरील निबंध मात्र थोर पुरुषाचें अपयश म्हणून अडगळींत पडला.

पहिल्या निबंधाची थोरवी ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेल्या दाण्यांच्या गणतींत नाहीं. त्या गणतीवरून केलेल्या अनुमानांत आहे. संकराच्या प्रत्येक परागकणांत व प्रत्येक अंडपेशींत जोडींतील एकच गुण उतरतो आणि दोन्ही गुणांस सारखाच वांटा मिळतो, हें त्यानें ताडलें. गुणसूत्रांच्या जोड्या फोडून पराग निर्माण करणारें अर्धसूत्री विभाजन तेव्हां कोणासहि ठाऊक नव्हतें. न पाहिलेल्या क्रियेचें इतकें रेखीव वर्णन शास्त्रीय वाङ्मयांत विरळाच सांपडेल. तथापि ही वांटणी सर्व वनस्पतींत होतेच काय, हा प्रश्न त्या निबंधानें सुटत नाहीं.

तो प्रश्न दुसरा निबंध उभा करतो. हायरेशियममध्यें एकाच जोडप्याचे संकर परस्परांहून भिन्न निघाले, पण प्रत्येकाची संतति हुबेहूब मातेसारखी झाली. हें वाटाण्याच्या अगदीं उलट आहे, असें मेंडेल स्वतःच नमूद करतो. निबंधांत दोषहि आहेत. संकर हातीं लागले ते थोडे, म्हणून प्रमाण काढतां आलें नाहीं, आणि निष्कर्ष चांचरत मांडले आहेत. परंतु आपल्याच नियमास बाध आणणारा पुरावा न लपवितां छापणें हा गुण या दोषांहून आम्ही मोठा मानतों. नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्यास या झाडाच्या नादीं लावलें, ही समजूतहि टिकणारी नाहीं. १८६६ च्या अखेरीस नेगेलीस लिहिलेल्या पहिल्याच पत्रांत मेंडेलनें ही निवड स्वतः कळविली आहे.

कोडें सुटलें १९०३ सालीं. ऑस्टेनफेल्ड व राउनकियर या डॅनिश शास्त्रज्ञांनीं न उमललेल्या फुलांचे शेंडे कापून पुंकेसर व कुक्षी दोन्ही काढून टाकल्या. तरीहि बीं धरलें! या झाडाची अंडपेशी बहुधा अर्धसूत्री विभाजन टाळते व फलनावांचून वाढते. पराग मात्र त्या विभाजनानेंच होतो. म्हणून परागामुळें संकर भिन्न झाले आणि अंडपेशीमुळें त्यांची संतति स्थिर राहिली. मेंडेलचीं दोन्ही निरीक्षणें खरीं होतीं.

पुढील शोधांनीं या निबंधाचा अर्थ अधिकच खोल केला आहे. २००६ सालीं याच वर्गांतील एका जातीवर गॅमा किरणांचा प्रयोग झाला. गुणसूत्रावरील एक जागा गळाली कीं टाळलेलें विभाजन परत येई. दुसरी गळाली कीं फलनाची गरज परत येई. २००९ सालीं अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा रोपांत तीन जनुकें निकामी करतांच अर्धसूत्री विभाजनाच्या जागीं साधें विभाजन होऊन परागास गुणसूत्रांचा पुरा संच मिळाला. म्हणजे जनुकांची वांटणी करणारी क्रिया स्वतःच जनुकांच्या आज्ञेंत आहे. न्यायाधीशहि कायद्याच्या ताब्यांत असावा, तसाच हा प्रकार होय.

यांत केवळ पंडितांचें कुतूहल नाहीं. आपल्या देशांत १९६४ सालीं पहिली संकरित ज्वारी प्रसृत झाली, तेव्हांपासून तिचें बियाणें दर सालीं विकत घ्यावें लागतें. कारण पराग व अंडपेशी बनतांना संकराची गुणसंपत्ति विखुरते. २०१९ सालीं भातांत मातेसारखेंच बीं देणारीं रोपें प्रयोगशाळेंत सिद्ध झालीं. अशीं रोपें शेतांत आलीं, तर घरचें बीं पेरण्याची शेतकऱ्याची जुनी सोय परत येईल कीं तीवरहि कोणाची मालकी बसेल, हा प्रश्न सुजाणांनीं आतांच विचारांत घ्यावा.

पाठ्यपुस्तकांत हे दोन निबंध एकत्र शिकविले जावेत, अशी आमची सूचना आहे. नियम कसा सांपडतो हें विद्यार्थ्यास पहिला शिकवील. नियमाचें क्षेत्र कोठें संपतें हें दुसरा.