‘सवाई माधवरावांचा मृत्यु’ : पडदा पडल्यानंतर

कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘सवाई माधवरावांचा मृत्यु’ हें नाटक १८९३ सालीं लिहिलें गेलें व १९०६ सालीं रंगभूमीवर आलें. ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’ या शेक्सपियरच्या दोन शोककथांची छाया त्यावर पडली आहे, हें सर्वश्रुतच आहे. खिन्न, विचारमूढ तरुण पेशवा आणि त्याच्या कानांत संशयाचें विष ओतणारा केशवशास्त्री ही जोडी ज्या लेखणीनें उभी केली, तिच्या सामर्थ्याविषयीं वाद नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं शनिवारवाड्यांत खरोखर काय मेलें, तें या नाटकावरून उमगतें काय?

आमच्या मतें, उमगत नाहीं. दोन छायांपैकीं ऑथेल्लोची छाया येथें अधिक गडद झाली आहे. पतीचा संशय हेंच शोककारण ठरलें आहे. हॅम्लेटच्या अखेरीस मात्र प्रेतांच्या राशीवर फॉर्टिनब्रास येऊन उभा राहतो, कारण राजपुरुष मेला कीं ‘आतां गादी कोणाची?’ हा प्रश्न उरतोच, हें शेक्सपियर विसरला नाहीं. पुण्यांत हा प्रश्न अधिकच बिकट होता.

पेशवाई ही मूळची नोकरी. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांस शाहूमहाराजांनीं ती दिली, आणि पुढेंहि प्रत्येक पेशव्यास साताऱ्याहून वस्त्रें घ्यावीं लागत. परंतु बापामागून मुलगा या क्रमानें नोकरीचें वतन झालें. नारायणरावांच्या खुनानंतर जन्मलेल्या अवघ्या चाळीस दिवसांच्या बालकास १७७४ सालीं वस्त्रें मिळालीं, तेव्हां सारें राज्य एका पाळण्याला टांगलें गेलें. तें बालक एकविसाव्या वर्षीं निपुत्रिक वारलें.

इंग्लंडांत अशा वेळीं निर्णय सोपा असतो. तेथें सरदारकीची पदवी बहुधा औरस पुरुषसंततीसच मिळते. दत्तकास तींत वाटा नाहीं. वंश खुंटला कीं पदवीहि खुंटते. आमच्या धर्मशास्त्रानें दत्तकास पुत्राचा दर्जा दिला. सोय मोठी, परंतु राजकारणाच्या हातीं पडतांच तिचें काय झालें पहा. रघुनाथरावांचा वडील औरस पुत्र बाजीराव यास दूर ठेवण्याकरितां परशुरामभाऊ पटवर्धन व बाळोबा तात्या यांनीं १७९६ च्या मे महिन्यांत त्याचाच धाकटा भाऊ चिमाजीआप्पा यास माधवरावांची विधवा यशोदाबाई हिच्या मांडीवर दत्तक दिलें. नात्यानें चिमाजी हा मृत पेशव्याचा चुलता! चुलता पुतण्याचा पुत्र झाला, आणि तरीहि वस्त्रें आलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वारें फिरलें. दत्तविधान रद्द ठरून बाजीराव पेशवा झाला.

नाटकांत यशोदाबाई ही संशयाचा विषय आहे. इतिहासांतील यशोदाबाई एक अल्पवयी विधवा होती. तिच्या मांडीवर मुत्सद्द्यांनीं एक राज्य आणून ठेविलें व सहा महिन्यांनीं उचलून नेलें. या दोहोंत अधिक करुण कोण, हें वाचकांनींच ठरवावें. हा अंक कोणी लिहिला असता, तर त्यास कोणत्याहि केशवशास्त्र्याची गरज पडली नसती.

दैवाची थट्टा पुढेंच आहे. भावाचें दत्तविधान मोडून जो पेशवा झाला, त्या बाजीरावास १८१८ नंतर ब्रह्मावर्तास राहून स्वतःच दत्तक घ्यावा लागला. १८५१ सालीं तो वारतांच इंग्रज सरकारनें सालीना आठ लक्षांचें पेन्शन बंद केलें. दत्तक पुत्र नानासाहेब यांस तें मिळालें नाहीं. पेशवाईचें नांव अशा रीतीनें एका कचेरीच्या नकारानें संपलें.

रंगभूमीस मनोविकार लागतात, वंशावळी चालत नाहींत, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. दोष एका कपटी शास्त्र्याच्या माथीं मारला म्हणजे प्रेक्षक हलक्या मनानें घरीं जातो. परंतु लोकांचें कल्याण एका घराण्याच्या संततीवर अवलंबून ठेवण्याची ही व्यवस्था आमच्याच पूर्वजांनीं, शहाण्यासुरत्या माणसांनीं, चालविली. १८२८ च्या आगीनंतर शनिवारवाड्याचीं जोतीं तेवढीं शिल्लक राहिलीं. त्यांवर उभें राहून आम्ही हळहळतों ती एका तरुणाच्या मृत्यूबद्दल. ती हळहळ खोटी नव्हे, अपुरी आहे.