आंग्र्यांचें घरभांडण व मत्सराचा नाटकी सांचा

सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या पश्चात् त्यांच्या घराण्याची जी वाताहत झाली, तिचें वर्णन करतांना एक नाटकी सांचा वारंवार वापरला जातो. संभाजी आंग्रे हा शूर परंतु मत्सरी नायक, व पेशवे हे कान फुंकणारे खलपुरुष. गोविंद बल्लाळ देवलांनीं 'ऑथेल्लो'वरून १८९० सालीं 'झुंझारराव' रचलें. त्यांतील जाधवरावाची कारस्थानी मूर्ति आपल्याकडे इतकी परिचित आहे कीं, इतिहासांत भाऊबंदकी दिसली म्हणजे लेखणी आपोआप तिकडे वळते. हा सांचा आंग्र्यांस लागूं पडत नाहीं, असें आमचें मत आहे.

कान्होजी १७२९ सालीं वारले. सेखोजी सरखेल झाले. तेहि १७३३त, जंजिऱ्याची मोहीम चालू असतांच, निवर्तले. सरखेली संभाजीकडे आली व कुलाब्याविषयीं सावत्र भाऊ मानाजी याच्याशीं कलह जुंपला. १७३५त बाजीरावांनीं निवाडा केला: सरखेली व दक्षिणेकडील सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग संभाजीकडे, कुलाबा 'वजारतमाब' या किताबासह मानाजीकडे. राजमाची पेशव्यांकडे गेली, ती मध्यस्थीची दक्षिणा समजावी.

आतां झुंझाररावाचा मत्सर पाहा. त्यास मुळांत आधारच नाहीं. तो खोट्या पुराव्यावर उभा आहे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसां'तहि मलयकेतूचें मन राक्षसाविषयीं कलुषित होतें, तें बनावट पत्रानें. (त्या पत्रावरील मुद्रा खरी होती, हें आमच्या संग्राहक वाचकांनीं विसरूं नये.) संभाजीस कोणीं खोटें काय दाखविलें? कांहींच नाहीं. ओहोटीस अलिबागेहून पायीं गांठतां येणारा तो कुलाबा, जेथें वडिलांचा संसार झाला व ज्याच्या समोरच्या किनाऱ्यावर त्यांची समाधि आहे, तो खरोखरच सावत्र भावाच्या हातीं होता. एकाजवळ अधिकाराचें नांव, दुसऱ्याजवळ वडिलांचें घर. ज्याकरितां मन जळावें तें नेमकें दुसऱ्याकडे. असला निवाडा कान न फुंकतांहि मत्सर पोसतो.

हें बाजीरावांनीं जाणूनबुजून केलें काय? नाटकांतला खलपुरुष एकटा उरला कीं स्वगत बोलतो व आपला हेतु प्रेक्षकांस सांगून टाकतो. दप्तरांत स्वगत नसतें. आज हाताशीं असलेले बहुतेक कागद पुणें दरबारचे किंवा मुंबईकर इंग्रजांचे. त्यांत कृत्यें सांपडतात, अंतःकरणें नव्हे. शिवाय आरमार दुभंगल्यानें पेशव्यांचेंहि नुकसान झालें. १७३६त चिमाजी अप्पांनीं रेवासेजवळ सिद्दी सात यास ठार केलें, तरी जंजिरा हातीं लागला नाहीं तो नाहींच. मागाहून झालेल्या लाभावरून आधींचा हेतु ठरविणें हें आम्हांस प्रमाण वाटत नाहीं.

उलट मानाजीस टीकाकार फार स्वस्तांत सोडतात. १७४०त संभाजी कुलाब्यावर चालून आला, तेव्हां घरच्या भांडणांत पेशवे व इंग्रज या दोघांसहि हांक मारिली ती मानाजीनें. आपत्काळीं दुसरा उपाय नव्हता असें म्हणतां येईल; पण दार आंतून उघडलें गेलें, एवढें तरी कबूल केलें पाहिजे.

संभाजी १७४२त वारला. खरी शोकान्तिका त्याच्या मागून आलेल्या तुळाजीची. पेशवे व इंग्रज एक झाले. १७५५त सुवर्णदुर्ग गेला, फेब्रुवारी १७५६त विजयदुर्ग पडला, आरमार जळून खाक झालें. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेंत राहिला. तोहि कांहीं नम्र पुरुष नव्हता. तथापि ज्या मत्सरानें घर फोडलें तो भावांचा होता. तुळाजीस तो सरखेलीबरोबर वारशानें मिळाला.

अलिबाग, चौल, रेवदंडा या बाजूच्या जुन्या घरांत १७३३ ते १७३५ या दोन वर्षांतील संभाजी-मानाजींचीं परस्परांस लिहिलेलीं पत्रें कोणाजवळ असल्यास त्यांनीं तीं मुद्रेच्या ठशासह या त्रैमासिकाकडे पाठवावीं. पुण्यास लिहिलेल्या अर्जांपेक्षां अशा एका पत्राचें मोल आम्हांस अधिक वाटतें.