‘त्रुटी’ आणि ‘संस्कार’ : चल गुरुत्वमापनाच्या परिभाषेचा विचार

जहाजावरून अथवा विमानातून केलेल्या गुरुत्वमापनाची चर्चा करताना ‘गतिजन्य त्रुटी’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो व तिच्या निवारणास ‘दुरुस्ती’ म्हटले जाते. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या प्रयोगात भिन्न स्वरूपाच्या गोष्टींची गल्लत झालेली आहे, आणि तिची किंमत अभ्यासकाला गणितात मोजावी लागते.

प्रथम या विषयाचा उगम पाहावा. जर्मन भूगणितज्ञ ओस्कार हेकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी महासागरांवर गुरुत्वाची मापने केली. त्यांत जहाजाच्या गतीचा हिशेब धरलेला नाही, हे हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ लोरांद एत्वेश यांच्या ध्यानात आले. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाचा वेग पृथ्वीच्या भ्रमणवेगात मिळतो. त्यामुळे केंद्रोत्सारी त्वरण वाढून गुरुत्व कमी भरते. पश्चिमेकडे जाताना ते अधिक भरते. १९०८ साली काळ्या समुद्रात विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन जहाजांवरील मापनांनी याचा पडताळाही मिळाला. येथे उपकरणाने चूक केली असे म्हणता येईल काय? त्या जहाजावर जे गुरुत्व खरोखर होते, तेच त्याने दाखविले. अपुरा होता तो हिशेब.

मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंशांवर, १० नॉट वेगाने पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाच्या मापनात सुमारे ७१ मिलिगॅल मिळवावे लागतात; पश्चिमेकडे जाताना जवळजवळ तितकेच वजा करावे लागतात. वेगाच्या नोंदीत एका नॉटचा फरक पडला, तर गुरुत्वात सुमारे ७ मिलिगॅलांचा फरक पडतो. ही मात्र खरी त्रुटी होय. परंतु ती गुरुत्वमापकाची नसून वेगमापनाची आहे. विमानाच्या बाबतीत वेगाच्या वर्गावर अवलंबून असणारे पदही उपेक्षणीय राहत नाही. १५० नॉट वेगास ते एकटेच ९० मिलिगॅलांहून अधिक भरते, आणि दिशा कोणतीही असली तरी त्याचे चिन्ह बदलत नाही.

लाटांमुळे होणाऱ्या उभ्या हालचालीची गोष्ट निराळी. तिचे त्वरण लाखभर मिलिगॅलांपर्यंत जाऊ शकते. तथापि ते क्षणोक्षणी उलटत असल्याने काही मिनिटांच्या सरासरीत बव्हंशी लोपते. एत्वेश-परिणाम सरासरीने कधीच लोपत नाही. जहाज जोवर दिशा बदलत नाही, तोवर तो कायम असतो. आडव्या त्वरणाचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. ब्राउन यांनी १९३७ साली दाखविल्याप्रमाणे, मुक्तपणे झुलणारे उपकरण अशा त्वरणामुळे कललेल्या, आभासी लंबरेषेचे अनुसरण करते. परिणामी त्याचे वाचन नेहमी अधिकच भरते, म्हणून आंदोलन दोन्ही बाजूंस होत असूनही सरासरी निर्दोष ठरत नाही. या सर्वांना एकच ‘त्रुटी’ हे नाव दिल्यास, कोणती सरासरीने जाते, कोणती गणिताने काढावी लागते आणि कोणती उपकरणाच्या रचनेतच टाळावी लागते, हा भेद नावातच पुसला जातो.

सूत्र बरोबर असल्यावर शब्दाचा आग्रह कशाला, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु सूत्रातील चिन्ह कोणते घ्यावे, हे परिणाम कशाचा आहे ते कळल्यावाचून ठरत नाही. आणि ‘उपकरण चुकले’ असे शिकलेला विद्यार्थी वेगाची नोंद तपासण्याऐवजी उपकरणच तपासत बसतो.

वस्तुतः योग्य शब्द भारतीय ज्योतिषगणिताच्या परंपरेत तयारच आहे. उज्जयिनीच्या रेखेवरून काढलेले मध्यम ग्रह स्वस्थानी आणण्यासाठी जो देशांतरसंस्कार करीत, त्यात मूळ गणितास कोणी सदोष मानीत नसे. निरीक्षकाच्या स्थानाचा हिशेब तेवढा जुळविला जाई. एत्वेश यांनी तेच निरीक्षकाच्या गतीविषयी केले. तेव्हा गतीच्या हिशेबाला ‘एत्वेश-संस्कार’ म्हणावे, लाटांचे त्वरण काढण्याच्या क्रियेस ‘गाळण’ म्हणावे, आणि ‘त्रुटी’ हा शब्द जेथे खरोखर काही चुकते त्या जागेसाठीच राखून ठेवावा, हे अधिक युक्त होय.