‘हवाईजादा’ : उड्डाण आणि पुरावा

विभू पुरी यांचा ‘हवाईजादा’ (२०१५) पाहून घोडपदेवच्या आमच्या वाचनवर्गात आम्ही मुलांना सांगितले होते की, शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवले आणि ‘वैमानिक शास्त्र’ हा प्राचीन ग्रंथ त्याचा पुरावा आहे. ते विधान आम्ही येथे मागे घेत आहोत.

चित्रपटातील जुनी मुंबई डोळ्यांत भरते. परंतु दंतकथा कोठे संपते व इतिहास कोठे सुरू होतो, हे तो सांगत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली या ग्रंथाची चिकित्सा केली. भाषा अर्वाचीन, रचना १९०४ पूर्वीची नव्हे, वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. मग १९०४ नंतरचा ग्रंथ १८९५ च्या उड्डाणाची साक्ष कशी देणार? हा साधा प्रश्न आम्हांला सुचला नाही. कारण गोष्ट आपल्या गिरगावची होती आणि ती खरी असावी, असे मनातून वाटत होते.

इंग्लंडमधील पिल्टडाउनच्या बनावट कवटीने १९१२ पासून अनेक विद्वानांना चकवले. तेथील सुळा १९१३ साली सापडला तो जेझुइट संशोधक तेयार द शार्दँ यांना. १९५३ साली लबाडी उघड केली तीही संशोधकांनीच.

तळपदे यांच्या ध्यासाला खोट्या दाखल्याची गरज नाही. पुढील वर्गात १८९५ आणि १९०४ हे दोन्ही आकडे आम्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहू आणि आमची चूक मुलांनाच शोधायला सांगू.