‘बनावट’ आणि ‘निर्मिती’ : विमानउद्योगाच्या स्थलांतराची मराठी परिभाषा

१

कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला निघाले की विठ्ठलवाडी हे पहिले स्थानक, आणि तेथूनच उल्हासनगरची वस्ती लागते. युद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. या वसाहतीविषयी एक आख्यायिका सर्वतोमुखी आहे. येथील मालावर म्हणे ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असे, आणि कोणी हटकलेच तर ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा त्या अक्षरांचा उलगडा केला जाई. आख्यायिकेची ऐतिहासिक सत्यासत्यता हा येथील विषय नव्हे. शिवाय, सर्वस्व गमावून आलेल्या एका कष्टाळू समाजावर त्या विनोदाने थोडा अन्यायच केला आहे. तथापि भाषाभ्यासकाला तीत एक मर्म सापडते. तोच शिक्का वस्तू कोणी केली हे खरे सांगतो आणि ती कोठे झाली याविषयी भ्रम निर्माण करतो. ‘कोणी’ आणि ‘कोठे’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि एका शब्दात दोहोंचे उत्तर मागितले की सत्य व असत्य एकत्र नांदू लागतात.

मराठीतील ‘बनावट’ या शब्दाने हीच संदिग्धता आपल्या पोटात साठवली आहे. ‘भारतीय बनावटीची युद्धनौका’ हा गौरव होय, तर ‘बनावट नोटा’ हा गुन्हा होय. नाम म्हणून तो विभक्तिप्रत्यय घेऊन येतो तेव्हा त्याचा अर्थ घडण असा असतो. अविकारी विशेषण म्हणून येतो तेव्हा खोटेपणा असा असतो. संस्कृतात ‘कृ’ धातूपासून ‘कृती’ही होते आणि ‘कृत्रिम’ही, हे पाहिले म्हणजे केवळ मराठीला दोष देण्याचे कारण उरत नाही. वस्तू करणे आणि वस्तूचा आभास करणे यांतील सीमारेषा भाषेला नेहमीच सूक्ष्म वाटत आली आहे.

२

या सीमारेषेचा प्रश्न आज विमानउद्योगाच्या संदर्भात नव्याने उभा राहिला आहे. मोठे विमान एका कारखान्यात, एका देशात तयार होण्याचा काळ मागे पडला. बोईंग कंपनीच्या ७८७ या विमानाचे पंख जपानमध्ये नागोया येथे, तर धडाचे काही भाग इटलीत ग्रोतालिये येथे तयार होतात. त्याच विमानाच्या तळजमिनीच्या तुळया संमिश्र द्रव्यातून तयार करण्याचे काम टाटा समूहातील ‘टाल’ या कंपनीकडे २००८ च्या कराराने आले व त्यासाठी नागपूरच्या ‘मिहान’ क्षेत्रात कारखाना उभा राहिला. तेथेच २०१७ मध्ये फ्रान्सची दासो आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कंपनीचा शिलान्यास झाला. ‘फाल्कन २०००’ या विमानाचा अग्रभाग नागपुरात तयार होऊन फ्रान्सला जाऊ लागला. जून २०२५ मध्ये त्या विमानाची अंतिम जुळणीही नागपुरास करण्याचा निर्णय जाहीर झाला.

या स्थलांतरामागची कारणे एकजिनसी नाहीत. मजुरीतील बचत हे एक कारण. भांडवलाचा धोका वाटून घेणे हे दुसरे. तिसरे कारण राजकीय होय. मोठी खरेदी करणारे राज्य विक्रेत्यावर अट घालते, की किमतीचा काही हिस्सा कामाच्या रूपाने याच देशात परत यावा. भारताच्या संरक्षणखरेदीत ही अट २००५ पासून आली. ३६ राफेल विमानांच्या २०१६ च्या करारात तो हिस्सा ५० टक्के होता. या अटीला वृत्तपत्रीय मराठीत ‘ऑफसेट’ हाच शब्द वापरला जातो. मराठी वाचक मात्र या शब्दाने छपाईचे यंत्र ओळखतो. ज्या शब्दाने वाचकाच्या मनात भलतीच वस्तू उभी राहते, त्याने बोध होत नाही, केवळ दरारा निर्माण होतो.

३

परिभाषेचा दुसरा दोष क्रियापदांत आढळतो. असा प्रकल्प महाराष्ट्रात होणार असेल तर तो ‘आला’ असे म्हटले जाते. तो कोठून तरी निघाल्यावाचून येत नाही, ही जाणीव त्या क्रियापदात नाही. २००८ च्या शरद ऋतूत बोईंगच्या सुमारे २७,००० यंत्रकामगारांनी ५७ दिवसांचा संप केला, त्यात काम बाहेर देण्याचा प्रश्न हा वादाचा एक प्रमुख मुद्दा होता. त्यांच्या दृष्टीने ते काम ‘गेले’ होते. याच ‘गेले’ची वेदना महाराष्ट्राला २०२२ मध्ये कळली. एअरबस-टाटा यांच्या सी-२९५ विमानांचा प्रकल्प नागपूरला होईल अशी अपेक्षा असता तो बडोद्यास होणार असल्याचे स्पष्ट झाले, आणि ‘प्रकल्प गेला’ हे वाक्य येथील राजकारणाचे घोषवाक्य बनले. जी वस्तू हाती आलीच नव्हती तिच्यासाठी ‘गेला’ म्हणायचे, आणि जी दुसऱ्याच्या हातून सुटली तिच्यासाठी केवळ ‘आला’ म्हणायचे, हा भाषेचा पक्षपात होय. भावनेच्या पातळीवर तो स्वाभाविक असेल. विवेचनाच्या भाषेत तो क्षम्य नाही.

४

परंतु सर्वांत मोठा गोंधळ ‘निर्मिती’ या शब्दाने केला आहे. तुळई घडवली तरी विमाननिर्मिती, आणलेले भाग जोडले तरी विमाननिर्मिती, आराखड्यापासून नवे विमान सिद्ध केले तरी विमाननिर्मितीच! येथे व्युत्पत्तीकडे वळणे उद्बोधक ठरेल. ‘निर्मिती’ हा शब्द ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूचा, ‘विमान’ही त्याच धातूचा, ‘प्रमाण’, ‘परिमाण’ आणि ‘माप’ हीही त्याच कुळातील. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक सूत्र येथेही विसरता कामा नये. मात्र या प्रसंगी व्युत्पत्ती जे सुचवते ते वस्तुस्थितीशी जुळते. विमानाच्या बाबतीत निर्णायक कृती हातोड्याची नसून मापाची असते. भाग किती जाड असावा, किती ताण सोसावा, किती सूक्ष्म फरक चालावा हे जो ठरवतो, तो खऱ्या अर्थाने निर्माता. आणि विमान उड्डाणयोग्य ठरते ते ‘प्रमाण’पत्रानेच.

आंतरराष्ट्रीय विधीने हा भेद केव्हाच ओळखला आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या आठव्या परिशिष्टात, विमानाची रचना ज्या राज्याच्या अधिकारात होते ते राज्य आणि विमान जेथे तयार होते ते राज्य, अशा दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. विधीने जे वेगळे केले ते मराठी लेखनाने एकत्र कालवले आहे.

इतिहासही हाच भेद दाखवतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. तेथे प्रथम उडाले ते हार्लो जातीचे शिक्षणविमान अमेरिकन रचनेचे होते. ते साहस थोर होते. पण ती जुळणी होती. नाशिकजवळच्या ओझर येथे १९६४ पासून मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० ही विमाने परवान्याखाली झाली. आरंभी आलेले भाग जोडणे आणि क्रमाने कच्च्या मालापासून भाग घडवणे, असा टप्प्याटप्प्याचा प्रवास तेथे झाला. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये सेवानिवृत्त झाले. त्याची रचना अखेरपर्यंत रशियाचीच राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच ओझरहून तेजस मार्क-१ए उडाले. त्याची रचना भारतीय आहे, इंजिन मात्र अमेरिकन. एकाच धावपट्टीवरील या विमानांना एकच ‘निर्मिती’ हा शब्द लावणे म्हणजे साठ वर्षांच्या प्रगतीची मोजपट्टीच फेकून देणे होय.

५

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. माप एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे अशी विभागणी कायम टिकते काय? हाताने काम करता करताच माप समजते. म्हणून भाग घडवण्याला दुय्यम ठरवणे हा विद्वानांचा जुनाच अहंकार नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द बोईंगनेच पुरवला. त्या कंपनीतील अभियंता एल. जे. हार्ट-स्मिथ यांनी २००१ मध्येच इशारा दिला होता, की काम बेसुमार बाहेर दिल्यास नफाही त्या कामाबरोबरच बाहेर जातो. ७८७ च्या वेळी तो इशारा खरा ठरला. ८ जुलै २००७ रोजी समारंभपूर्वक दाखवलेले पहिले विमान वस्तुतः अपुरे होते व अनेक ठिकाणी तात्पुरत्या खिळ्यांनी जोडलेले होते. पहिले विमान ग्राहकाला मिळण्यास तीन वर्षांहून अधिक विलंब झाला, आणि २००९ मध्ये बाहेर दिलेल्या कामाचा साउथ कॅरोलायनातील एक विभाग कंपनीला परत विकत घ्यावा लागला. हात गमावला की मापावरची पकडही सैल होते, हा त्याचा धडा.

पण या आक्षेपाने मूळ प्रतिपादन ढळत नाही. उलट त्याला धार येते. हातातून माप शिकता येते हे खरे असेल, तर नागपूरच्या कारागिराने आज हातात काय घेतले आहे आणि माप अद्याप कोणाकडे आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगणे अधिकच आवश्यक ठरते. तुळईलाच विमान म्हटले की पुढे शिकण्याजोगे काही उरले आहे याची जाणीव नाहीशी होते. गौरवाचा शब्द वेळेआधी खर्ची पडला, तर प्रत्यक्ष पराक्रमाच्या दिवशी भाषेच्या पेटीत काय शिल्लक राहणार?

म्हणून नवे, दुर्बोध शब्द घडवण्याची गरज नाही. मराठीजवळ आहेत तेच शब्द आपापल्या जागी वापरले तरी पुरे. आराखड्याला ‘रचना’, भाग तयार करण्याला ‘घडण’, भाग जोडण्याला ‘जुळणी’, परक्या रचनेवरून संपूर्ण विमान करण्याला ‘परवाना-उत्पादन’ म्हणावे. आणि ‘निर्मिती’ हा शब्द जेथे माप आणि हात दोन्ही एकत्र आले असतील तेथेच राखून ठेवावा.

विठ्ठलवाडीहून दोन स्थानके पुढे अंबरनाथ येते. तेथील एका सरकारी कारखान्याचे नाव ‘मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी’ असे ठेवले गेले. १९५० च्या दशकात ज्यांनी ते नाव दिले, त्यांना आद्य नमुना आणि त्याची नक्कल यांतील अंतर ठाऊक होते. उल्हासनगरच्या विनोदाला हसणाऱ्या मराठी वाचकाने ‘विमाननिर्मिती’ हा शब्द पुढच्या वेळी वाचताना तेच अंतर ध्यानात ठेवले, तर शिक्का कोणाचा, घडण कोणाची आणि माप कोणाचे हे तीन प्रश्न त्याला वेगवेगळे विचारता येतील.