वाडा, शेजार आणि महानगर : मराठी साहित्यातील नगरभावनेचे एक स्थित्यंतर

मराठी साहित्यातील शहराविषयीच्या भावनेचा विचार करताना अभ्यासकांकडून सामान्यतः एक ठरीव क्रम सांगितला जातो. आरंभी शहराचे नवल, मग सुटलेल्या गावाची ओढ, त्यानंतर यंत्रयुगातील एकाकीपणा आणि शेवटी महानगराचा स्वीकार, असा तो क्रम होय. हा क्रम सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु त्याची उभारणी जवळजवळ पूर्णपणे मुंबईच्या साहित्यावर झालेली आहे, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. मुंबईत येणारा माणूस बहुधा बाहेरून आलेला असतो. गाव सुटणे आणि शहर अंगावर येणे या दोन घटना त्याच्या आयुष्यात एकाच वेळी घडतात. त्यामुळे त्याच्या मनातील अस्वस्थतेचा कोणता भाग शहराने निर्माण केला आणि कोणता स्थलांतराने, हे वेगळे करून दाखविणे कठीण जाते. हे पृथक्करण करावयाचे असेल, तर जेथे माणूस जागचा हलला नाही आणि शहरच त्याच्याभोवती बदलत गेले, अशा एखाद्या वस्तीकडे वळले पाहिजे. पुण्याची नारायण पेठ ही अशी वस्ती आहे.

नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पेठ शनिवार व सदाशिव या पेठांना लागून मुठेच्या काठापर्यंत पसरलेली आहे. तिचे जुने घटक म्हणजे वाडे. दगडी जोते, लाकडी सांगाडा, माती-विटांच्या भिंती, मध्यभागी चौक आणि चौकाभोवती खोल्या, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असे. पेशवाई १८१८ साली संपली, आश्रयदाते गेले, आणि एका घराण्यासाठी बांधलेल्या वाड्यांत हळूहळू अनेक बिऱ्हाडे आली. नोकरी, शिक्षण, छापखाना यांच्या निमित्ताने पुण्यात आलेल्या मध्यमवर्गाला वाड्यातील दोन खोल्या म्हणजेच घर झाले. चौक, विहीर किंवा नळ, जिना आणि दिंडीदरवाजा हे सर्वांचे. या रचनेचा एक परिणाम वाङ्मयीन दृष्टीने निर्णायक ठरतो. वाड्यात कोणतीही गोष्ट न पाहिली जाता घडत नाही. कोण केव्हा आले, कोणाकडे पाहुणे उतरले, कोणाची सून केव्हा बाहेर पडली, हे सर्व चौकाला ठाऊक असते. शेजाऱ्याची ही नजरच पेठेतील जीवनाचे खरे सूत्र आहे. आणि नगरभावनेतील बदल म्हणजे बव्हंशी या नजरेविषयीच्या भावनेतील बदल होय, असे साहित्याच्या साक्षीने दाखविता येते.

शहराविषयीच्या आरंभीच्या मराठी लेखनात ही नजर अद्याप विषय झालेली नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, १८६८ साली, ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ आले. दोन्ही ग्रंथांचे प्रयोजन नोंदीचे आहे. तथापि नोंदविण्याजोगे काय वाटले, यातच भावना प्रकट होते. मुंबईचा वर्णनकार व्यापार, गोदी, नाना जातींची माणसे यांच्याकडे विस्मयाने पाहतो. त्याच्या दृष्टीने शहर म्हणजे जे वाढत आहे ते. पुण्याच्या वर्णनकारापुढे पेठा, वाडे, देवळे व हौद आहेत. त्याच्या दृष्टीने शहर म्हणजे जे होऊन गेले त्याचा मागे उरलेला ठेवा. एकात कुतूहल आहे, दुसऱ्यात स्मरण आहे. परंतु शहरात राहणाऱ्या एका व्यक्तीला तेथे राहताना काय वाटते, हा प्रश्न दोहोंपैकी कोणीही विचारीत नाही.

तो प्रश्न प्रथम समर्थपणे विचारला हरि नारायण आपटे यांनी. १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीचे सामाजिक महत्त्व सर्वमान्य आहे. तिच्या भूगोलाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. यमूचे आयुष्य पुणे आणि मुंबई यांच्यात विभागलेले आहे. पुण्याच्या घरात तिला एकांत नाही. वाचणे, पतीशी चार शब्द बोलणे, मैत्रिणीकडे जाणे, या प्रत्येक कृतीला पाहणारे डोळे आणि टीका करणारी तोंडे तेथे सज्ज असतात. मुंबईला बिऱ्हाड केल्यावर तिला प्रथमच मोकळा श्वास मिळतो. हे सुख मुंबईच्या वैभवाचे नाही. आपल्याकडे कोणी पाहत नाही, आणि जे पाहतात ते स्नेहाने पाहतात, याचे ते सुख आहे. पतीच्या निधनानंतर तिला पुण्यास परत आणले जाते व बळजबरीने तिचे केशवपन होते. कादंबरीची शोकांतिका या परतीत आहे. मुंबई ते पुणे हा प्रवास येथे मुक्ततेकडून नजरकैदेकडे जाणारा आहे.

ही केवळ कादंबरीकाराची कल्पना नव्हती. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या आत्मकथनात शिकू पाहणाऱ्या सुनेला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या रोषाला कसे तोंड द्यावे लागले, याचे जे वर्णन आहे, ते आपट्यांच्या चित्राला दुजोरा देते. येथे विशेष लक्षणीय गोष्ट अशी की ही नजर मुख्यतः स्त्रियांची स्त्रियांवर आहे. पुरुष बाहेर सभेला, कचेरीला, ग्रंथालयात जात असे; वाड्याचा चौक हा स्त्रियांच्याच वाट्याला आलेला होता.

याच काळात वाड्याच्या चौकाला एक दुसरे आयुष्यही प्राप्त झाले. लोकमान्य टिळकांनी विंचूरकर वाड्यात सुरू केलेला सार्वजनिक गणेशोत्सव १९०५ साली नारायण पेठेतील गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरी वाड्यात आला. खाजगी चौक व्याख्यानांचा, मेळ्यांचा आणि राजकीय चर्चेचा झाला. जो चौक यमूसारखीला कोंडून ठेवीत होता, तोच चौक शेकडो माणसांना एकत्र बसवीत होता. पुढील काळात वाड्याविषयी जी आत्मीयतेची भाषा घडली, तिचा उगम या दुसऱ्या चौकात आहे. पहिल्या चौकाची आठवण कादंबरीने जपली. दुसऱ्याची आठवण पेठेने जपली. या दोन आठवणी परस्परांना क्वचितच भेटल्या, ही मराठी नगरभावनेतील एक मूलभूत विसंगती मानावी लागेल.

विसाव्या शतकाच्या मध्यास या नजरेचे मोल एकाएकी बदलले. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहातील महानगरी माणूस गर्दीत असून कोणाच्याही नजरेत नाही. यंत्राच्या गतीत त्याचे व्यक्तित्व विरघळून जाते. यमूला जे वरदान वाटले असते, तेच येथे शाप झाले आहे. तथापि मर्ढेकरांना निव्वळ शहरद्वेष्टे ठरविणे अन्यायाचे होईल. माघातल्या एका सकाळी दिसणाऱ्या मुंबई बंदराचे अत्यंत कोवळे चित्र त्यांनीच रेखाटले आहे. त्यांचा विषाद शहराविषयी नसून शहरात कोणी कोणाचे नसण्याविषयी आहे. नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हा संग्रह याच मुंबईकडे दुसऱ्या टोकाकडून पाहतो. ज्याला जन्मतःच घर नव्हते, त्याला कामगारांची वस्ती, रस्ता आणि गिरणी यांनीच माणसे दिली व शिक्षण दिले. तेथे एकाकीपणाची तक्रार गौण ठरते, कारण गमावण्यासारखा वाडा मुळात नव्हताच.

मध्यमवर्गाला मात्र गमावलेल्या शेजाराची जाणीव तीव्रतेने झाली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाची लोकप्रियता केवळ विनोदावर अवलंबून नाही. ज्या आगंतुकपणाची, भोचकपणाची आणि सामुदायिक उपद्व्यापांची त्यात थट्टा आहे, त्याच गोष्टींविषयीची हुरहूर पुस्तकाच्या अखेरीस उघडपणे व्यक्त होते. विनोद मागे सरतो आणि पांगू लागलेल्या वस्तीचे दुःख पुढे येते. शेजाऱ्याची नजर, जी आपट्यांच्या लेखणीखाली शिक्षा होती, ती येथे वात्सल्याच्या जवळ पोचली आहे. साठ-सत्तर वर्षांत नजर बदलली नाही. तिचे मोल करणारा बदलला. आपट्यांनी ती सुनेच्या बाजूने पाहिली होती.

नारायण पेठेत ही हुरहूर मूर्त होण्यास दोन कारणे घडली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या बिऱ्हाडांचे भाडे गोठविले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही, आणि वाडे खचत गेले. दुसरे कारण एका दिवसाचे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली आणि मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरले. मातीच्या भिंतींचे वाडे त्यात टिकू शकले नाहीत. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत वसाहती झाल्या. जी कुटुंबे एका चौकात राहत होती, ती शहराच्या निरनिराळ्या दिशांना गेली. पुढील दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. चौकाच्या जागी वाहनतळ आला, दिंडीदरवाजाच्या जागी लोखंडी फाटक आले. पेठेत राहणाऱ्या माणसाने पेठ सोडली नव्हती. तरीही महानगर त्याच्या दारात येऊन ठेपले होते. स्थलांतर न करताही परकेपणा येतो, हे नारायण पेठेने सिद्ध केले. म्हणजेच महानगराचे लक्षण लोकसंख्येत जेवढे आहे, त्याहून अधिक ते दोन दारांमधील अंतरात आहे.

गतकालविषयक या ओढीची कठोर परीक्षा सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकाने घेतली. मृत भाऊराव जुन्याच स्मशानात आपले दहन व्हावे म्हणून अडून बसतात. ते स्मशान तर बंद झालेले आहे. चाळीतील शेजारी धावून येतात, पण त्यांच्या धावून येण्यात आपुलकी किती आणि सवय किती, हे सांगता येत नाही. कीर्तनाच्या पवित्र साच्यात बसविलेला हा उपहास प्रेक्षकाला प्रश्न विचारतो की, जुन्या शहरावरील आपले प्रेम हे जिवंत शहरावरील प्रेम आहे की जाळावयाचे राहिलेले एक शव आहे? पुण्यातील मध्यमवर्गाने स्वतःच्या स्मरणरंजनाला दिलेले हे सर्वांत निर्भय उत्तर होय.

तरीही हे उत्तर अपुरे आहे, कारण तेही चौकाच्या आतून दिलेले आहे. पेठेतील वाड्यात खोली मागण्याचाही ज्यांना अधिकार नव्हता, त्यांच्या दृष्टीने या सर्व चर्चेचा अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. पर्वतीवरील देवळात प्रवेश मिळावा म्हणून याच शहरात १९२९ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला सत्याग्रह करावा लागला होता. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये गाव आणि मुंबईतील कावाखाना यांच्यात ये-जा करणारा निवेदक शहराच्या घाणीचे वर्णन करताना हातचे राखीत नाही. परंतु गावाकडे परत जाण्याची गोड ओढ त्याला परवडत नाही, कारण गावाला त्याची जात पाठ आहे. अनोळखी असणे हे त्याच्या दृष्टीने संरक्षण आहे. येथे दया पवारांचा निवेदक आणि आपट्यांची यमू, जवळजवळ एका शतकाच्या अंतराने आणि अत्यंत भिन्न सामाजिक स्थानांवरून, एकाच निष्कर्षाला येतात. ज्याला शेजाऱ्याच्या नजरेने जाच केला आहे, त्याला मोठे शहर आवडते. ज्याला त्या नजरेने सांभाळले आहे, त्याला ते टोचते.

या विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, शहराविषयीच्या भावनेचा इतिहास एका सरळ रेषेत मांडता येत नाही. नवल, विषाद आणि स्वीकार हे कालखंड नसून निरनिराळ्या स्थानांवरून एकाच काळी होणारे अनुभव आहेत. दुसरी गोष्ट समीक्षेच्या व्यवहाराशी निगडित आहे. वाड्याविषयीचे लेख, आठवणी आणि ललित गद्य मराठीत विपुल आहे. या लेखनाचे मूल्यमापन करताना त्यातील ओढीला खोटे ठरविण्याचे कारण नाही. आजारपणात शेजारणीने केलेली पेज आणि परीक्षेच्या दिवसांत साऱ्या वाड्याने पाळलेली शांतता, या गोष्टी खऱ्या होत्या, आणि सदनिकेच्या बंद दारामागे वृद्ध दांपत्याला आज त्यांची उणीव भासते, तीही खरी आहे. परंतु अशा प्रत्येक लेखनाला समीक्षकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ही आठवण चौकात बसून पाहणाऱ्याची आहे, की चौकातून ओलांडून जाताना जिच्याकडे पाहिले जाई तिची? वाड्याच्या आठवणी लिहिणाऱ्यांत पाहणारे बहुसंख्य आहेत. जिच्याकडे पाहिले गेले तिचे लेखन, आणि ज्याला दिंडीदरवाजाबाहेरच थांबविले गेले त्याचे लेखन, यांच्या शेजारी ठेवून वाचल्याखेरीज नारायण पेठेचा, आणि पर्यायाने मराठी महानगराचा, भावनिक इतिहास पूर्ण होणार नाही.