हेतूचे कलम आणि समाप्तीचे कलम

परराष्ट्रात लोकशाही व मानवी हक्क रुजावेत म्हणून केलेल्या कायद्यांची चर्चा बहुधा त्यांच्या परिणामांवरून होते. शब्दरचनेकडे क्वचितच लक्ष जाते. अमेरिकन काँग्रेसचा १९८६ सालचा सर्वंकष वर्णभेदविरोधी अधिनियम या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला असता प्रतिनिधिगृहाने ३१३ विरुद्ध ८३ व सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी तो निष्प्रभ केला. (भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६ सालीच तोडला होता, हे जाता जाता नमूद करावयास हवे.)

अधिनियमाचे हेतुकलम निःसंदिग्ध आहे : दक्षिण आफ्रिकेत वंशभेदरहित लोकशाही शासन यावे. निर्बंध केव्हा उठावेत हे सांगणाऱ्या कलमात मात्र पाच अटी आहेत. मंडेला व राजकीय बंदी यांची मुक्तता, आणीबाणीचा अंत, पक्षांवरील बंदी उठवून राजकीय सहभागास मोकळीक, दोन नामनिर्दिष्ट वंशभेदी कायद्यांचे निरसन आणि बहुसंख्याकांच्या खऱ्या प्रतिनिधींशी वाटाघाटींस मान्यता. पैकी पहिली अनिवार्य. तिच्यासह उरलेल्या चारांपैकी तीन पुऱ्या झाल्या तर राष्ट्राध्यक्ष निर्बंध स्थगित करू शकत; पूर्ण समाप्तीस मात्र पाचही हव्यात. सार्वत्रिक मताधिकाराचा स्पष्ट उल्लेख यांत कोठेही नाही. हेतुकलमाचा अर्थ विध्यर्थी, समाप्तिकलमाचा संकेतार्थी. आणि व्यवहारात सत्ता चालते ती संकेतार्थाची.

जून १९९१ मध्ये लोकसंख्या नोंदणी कायदा रद्द झाला. अट अक्षरशः पुरी झाली. परंतु वर्गीकरण थांबले ते नवजात बालकांपुरते. आधी नोंदलेल्यांचा वंश नवी राज्यघटना येईपर्यंत नोंदवहीत तसाच राहणार होता. १० जुलै १९९१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पाचही अटी पूर्ण झाल्याचे ठरवून निर्बंध उठविले. आफ्रिकी राष्ट्रीय काँग्रेसच्या मते राजकीय बंदी अद्यापि तुरुंगांत होते. अधिनियमाचे शब्द होते ‘राजकीय मतांसाठी छळले गेलेले’. सशस्त्र कृतीबद्दल शिक्षा भोगणारा त्यांत बसतो की नाही, हा निव्वळ अर्थविचाराचा प्रश्न नव्हता. त्या विशेषणावर कोणाचे तरी कोठडीतले दिवस मोजले जात होते.

तथापि कायदा पोकळ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. विशिष्ट कायद्यांची नावे घेऊन अट घातल्यामुळेच तिची पूर्तता तपासता आली. ‘सुधारणा’ एवढेच म्हटले असते तर प्रिटोरियाने ती आधीच झाल्याचे सांगितले असते. अनेक अमेरिकन राज्यांनी व शहरांनी मात्र आपापले निर्बंध १९९१ नंतरही ठेवले. ते उठवावेत असे आवाहन मंडेला यांनी संयुक्त राष्ट्रांत केले ते २४ सप्टेंबर १९९३ रोजी, आणि बहुसंख्याकांनी पहिले मत टाकले एप्रिल १९९४ मध्ये.